चित्र क्रमांक तीन

१९९८ च्या फेब्रुवारीत मला रत्नागिरीहून एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र अगदी लहान होतं.

'आदरणीय सर, आपल्या १९७६ च्या निबंधातील चित्र क्रमांक तीनमध्ये जी अखंड वसाहत दाखवली आहे, ती आपल्या विभागाच्या संग्रहालयात कितव्या क्रमांकाच्या बाटलीत आहे? मला ती पाहायची आहे. मी पुण्याचीच आहे, सुट्टीत येऊ शकेन. आपली, आम्रपाली रणपिसे.'

अशा प्रश्नाला एका ओळीचं उत्तर पुरतं. ती ओळ लिहायला मी तीन दिवस टेबलाशी बसलो, आणि चौथ्या दिवशी पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. तिथे ते चार वर्षं नऊ महिने राहिलं.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात तेहेतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी दोन शब्दांत आटपतो, आणि बोलून झालं की आपण चुकीचंच बोललो असं वाटत राहतं. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणाला उत्तर म्हणून मी फक्त 'आभारी आहे' म्हणालो होतो. पण माझ्या नावावर एक शोध आहे, किंवा होता. तो काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समुद्रात खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर बोटभर उंचीची बारीक झुडपं दिसतात. कोळी लोक त्यांना शेवाळच म्हणतात. ती प्राण्यांची वसाहत असते. पुस्तकात त्यांना ब्रायोझोआ म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही. एक प्राणी म्हणजे चुन्याची एक पेटी, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिच्या तोंडातून केसांसारख्या मिशांचा झुबका बाहेर येतो आणि पाण्यातलं अन्न आत ओढतो. सगळ्यात पहिला जीव एकटा पोहत येऊन खडकाला चिकटतो. त्याच्या अंगातून दुसरी पेटी फुटते, दुसरीतून तिसरी. नवी पेटी येते ती शेंड्यालाच. मधेच कधीतरी शेंड्याच्या पेटीतून एकाऐवजी दोन पेट्या फुटतात आणि फांदीला फाटा येतो. मी ज्या जातीवर काम केलं तिच्यात प्रत्येक फाट्याशी एक मऊ सांधा असतो. त्यामुळे झुडूप उसासारखं पेरापेरांचं दिसतं, आणि लाट आली की मोडत नाही, वाकतं.

आता प्रश्न असा की फाटा केव्हा फुटतो? माझ्या निबंधानं सांगितलं होतं: दर सात पेट्यांनी, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, बिनचूक. ते पुढे एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत गेलं, आणि तिथून आमच्याकडच्या नोट्समध्ये उतरलं. मुलं त्याला 'परचुऱ्यांचे सात' म्हणायची. बी.एस्सी.च्या पेपरात दोन गुणांना हमखास.

२००२ च्या नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी सकाळी आमच्या दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"परचुरे सर आपणच ना? मी भीमराव रणपिसे. आम्रपालीचा वडील."

मी त्यांना बसा म्हणालो. सुनीती, माझी बायको, आतून पाणी घेऊन आली.

"रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये बत्तीस वर्षं पत्रं निवडण्यात गेली माझी," ते म्हणाले. "त्यामुळे पत्र वाटेत गहाळ झालं असेल, एवढं मात्र सांगू नका."

"पोचलं होतं," मी म्हणालो.

"बरं झालं. खात्यावरचा आळ गेला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. तो आधीच त्यांच्यापुढे होता.

"सोमवारी सकाळी अकराला तिच्या विद्यापीठाची समिती बसतेय," ते म्हणाले. "प्रबंध परत आलाय. परीक्षक म्हणतात, छापील निबंधात दर सातला फाटा आहे. हिच्याकडे पाचला आहे, नऊला आहे, अकराला आहे, एकाच बाजूला लागोपाठ दोनदा आहे. म्हणजे एकतर हिला जात ओळखता आली नाही, नाहीतर हिनं आकडे घरी बसून लिहिले. सोमवारी खुलासा पटला नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झाली की कॉलेजातली नोकरी कायम व्हायची नाही. आठ वर्षं झाली तिला तिथं."

"आम्रपालींनी मोजलं कसं?" मी विचारलं. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काचेच्या पट्ट्या. दोरीला बांधून धक्क्यावरून समुद्रात सोडायची. त्याच्यावर ही तुमची झुडपं धरतात. पंधरा दिवसांनी वर ओढायची, परातीत समुद्राचंच पाणी, त्यात ठेवून फोटो घ्यायचा, पुन्हा खाली. चार वर्षं. दोनदा मी गेलो होतो दोरी धरायला." ते जरा थांबले. "जिवंत असतात हो ती. मागच्या वेळी नसलेली पेटी शेंड्याला या वेळी दिसते. मला दाखवली तिनं. भरतीच्या तोंडावरच्या पट्टीवर फाटे लवकर फुटतात, धक्क्याच्या आडोशाला उशिरा. पाणी जसं खेळेल तसं, म्हणते. मला त्यातलं कळत नाही. पण मोजणं मला कळतं. ती मोजायची तेव्हा मी शेजारी बसून आकडा लिहून घेत होतो."

शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाकडे माझी नजर गेली.

"एका परीक्षकांनी तिला तोंडावर सांगितलं, 'तुमच्याकडे बारीक मोजायची सवय नसते.' तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, ते काही त्यांनी फोड करून सांगितलं नाही. तिला समजलं. मलाही समजलं."

सुनीती चहा घेऊन आली होती. ती कप हातातच धरून उभी राहिली.

"मला शिफारस नको, सर," भीमराव उठता उठता म्हणाले. "तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर पाहिजे. जे काय असेल ते. आणि माझ्या हातात देऊ नका. बापानं आणलेला कागद म्हणतील. पोस्टानं पाठवा, तारखेच्या शिक्क्यासकट, तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर. उद्या संध्याकाळपर्यंत स्पीड पोस्टात पडलं तर शनिवारी मिळेल."

"मी बघतो," मी म्हणालो.

"बघा," ते म्हणाले. सुनीतीच्या हातातला चहा त्यांनी उभ्यानं घेतला, "छान झाला होता, ताई," म्हणाले आणि गेले.

सुनीतीनं दार लावलं. "चार वर्षं ते पत्र शब्दकोशात आहे," ती म्हणाली. "मला आधी वाटलं, म्हातारपणी प्रेमपत्र आलं की काय. उघडून बघितलं तर बाटलीचा नंबर. द्यायचा ना मग नंबर."

"नंबर नाही."

"हरवलाय?"

"बाटलीच नाही. तसा नमुना नव्हताच."

ती समोर बसली. मग मी तिला ते सांगितलं, जे अठ्ठावीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

१९७४ च्या मे महिन्यात मी रत्नागिरीहून एक वसाहत आणली होती, एसटीनं, मांडीवर डबा ठेवून. इतकी मोठी आणि अखंड मी पुन्हा कधी पाहिली नाही. तिच्यावर गाळ बसला होता. आम्ही पुण्याचे लोक. समुद्र आमच्याकडे बाटलीतून यायचा. शंख, शिंपले, पोवळी, जे येईल ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून पांढरं स्वच्छ करायचं, ही आमच्या प्रयोगशाळेची पद्धत. मी हेही भिजवलं. शंखाला सांधे नसतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जेवून परत आलो तर बशीत झुडूप नव्हतं. शेवयांचा चुरा पडावा तसे तुकडे तळाशी पडले होते. ब्लीचिंगनं मऊ सांधे खाऊन टाकले होते.

आदल्या दिवशी मी एक कच्चं चित्र काढलं होतं. त्यातला बुंध्याजवळचा भाग तेवढा नीट काढलेला, तिथे सातला फाटा होता. त्यावरून मी तुकडे लावत गेलो. सात पेट्यांचे एकोणीस तुकडे मिळाले. पाचाचे होते, ते मी मोडलेले समजलो. नवाचे, अकराचे होते, ते दोन तुकडे चिकटलेले असावेत असं ठरवलं. नियम इतका सुंदर दिसत होता. न बसणारे सगळे तुकडे एका काचनळीत भरले, वर 'तुटके' अशी चिठ्ठी लावली, आणि बसणाऱ्यांवरून अखंड वसाहतीचं चित्र काढलं. तेच चित्र क्रमांक तीन.

"मुद्दाम केलंत?" सुनीतीनं विचारलं.

"तेव्हा नाही. तेव्हा मला खरंच वाटलं होतं. पण पुढे कधीही ती नळी उघडून पाहिली नाही. न पाहणं, ते मुद्दाम."

सुनीती उठून फोनपाशी गेली. मग म्हणाली, "मग आता काय? आपल्या मुलाला, आमोदला फोन करते. हडपसरला त्याच्या ऑफिसात स्कॅनर आहे म्हणत होता. पत्र लिहा, तो ई-मेल करेल."

"नुसत्या पत्राला कोण विचारतो? म्हाताऱ्याला दया आली म्हणतील. नळी पाहिजे. तुकडे ई-मेलनं जात नाहीत."

"मग नळी आणा."

"संग्रहालय काढतायत तिथलं. संगणक प्रयोगशाळा होणार आहे. परवा प्रयोगशाळेतला सीताराम भेटला होता मंडईत, या आठवड्यात सगळं हलवणार म्हणाला."

"मग इथे काय बसलायत, अहो?"

तरीही मी त्या दिवशी गेलो नाही. पत्राचे मसुदे करत बसलो. त्या काळात सूक्ष्मदर्शक कसे जुने होते, उजेड कसा कमी होता, याच्यावर दोन पानं झाली. ती वाचली आणि फाडली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला कॉलेजात पोचलो. आवारात एक टेम्पो लागला होता आणि जिन्याखाली गोणपाटांची रास होती. फॉर्मालिनचा उग्र वास सुटला होता. दुसऱ्या टेम्पोतून मोठमोठी खोकी उतरत होती, त्यांवर संगणकांची चित्रं. पोरं ती वर नेत होती आणि उतरताना बरण्यांची खोकी खाली आणत होती. जिन्यावर दोन्हींची गर्दी.

सीताराम, आमचा प्रयोगशाळा परिचर, वरच्या मजल्यावर संग्रहालयाच्या दाराशी उभा होता. माझ्या हाताखाली तो बावीस वर्षांचा असताना लागला. आता त्याचेही केस पांढरे होते.

"सर! शेवटचं बघायला आलात होय?"

"सीताराम, 'तुटके' लिहिलेली एक काचनळी होती. तिसऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात."

त्याचा चेहरा पडला. "तिसरं कपाट काल संध्याकाळीच रिकामं केलं, सर. मॅडमनी सांगितलं होतं, फुटकंतुटकं पहिल्यांदा काढा. ते खाली गोणीत गेलं. टेम्पो साडेबाराला सुटणार, भंगारवाल्याला पुढं मार्केट यार्डात जायचंय."

मॅडम म्हणजे विभागप्रमुख अपूर्वा. माझी विद्यार्थिनी. माझ्या हातून शिकलेल्यांत सर्वांत हुशार. तिच्या परवानगीशिवाय गोणी सोडता येणार नव्हती. मी तिच्या दाराशी गेलो आणि आत माणसं आहेत हे पाहून परत फिरलो. जिन्यापर्यंत आलो. घड्याळात अकरा वीस झाले होते. पुन्हा गेलो.

आत संगणक कंपनीचे दोन तरुण नकाशा पसरून बसले होते. अपूर्वा लगबगीनं उठली.

"या ना सर! किती दिवसांनी. सर, तुम्हाला आठवण म्हणून काही हवंय का? तो छोटा शार्क घेऊन जा. नाहीतर कुणाला तरी देऊनच टाकायचाय."

"शार्क नको," मी म्हणालो. "खालच्या गोण्यांमध्ये एक नळी आहे. मला ती आत्ता शोधायचीय."

"कसली नळी?"

दोन्ही तरुण माझ्याकडे बघत होते. मी त्यांना बाहेर थांबा म्हणू शकलो नसतो. मी कुणालाच असं म्हणू शकत नाही. म्हणून त्यांच्यासमोरच म्हणालो, "माझ्या निबंधातलं तिसरं चित्र खरं नाही. ते मी तुकडे जोडून काढलं होतं. जे जुळले नाहीत ते त्या नळीत आहेत."

एक तरुण गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं असावं, प्राध्यापक लोक कशाकशाची काळजी करतात. अपूर्वाच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं. तिनं त्यांना दहा मिनिटांनी यायला सांगितलं आणि दार लोटलं.

"सर, हे आत्ता कशाला?"

मी तिला आम्रपाली रणपिसेंचं, सोमवारच्या समितीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पुढच्या महिन्यात आमच्याकडे मूल्यांकन समिती येतेय," ती म्हणाली. "अहवालाच्या पहिल्या पानावर विभागाचं संशोधन म्हणून तुमचं नाव आहे. 'परचुऱ्यांचे सात'. दुसरं आहे काय आमच्याकडे दाखवायला? विद्यार्थी कमी होतायत, सगळ्यांना कॉम्प्युटर सायन्स हवंय. संगणकवाल्यांनी आज संग्रहालय नेलं, उद्या प्रयोगशाळा नेतील."

"मला कळतं."

"नाही कळत, सर. आणि तुम्ही म्हणता तेही कशावरून? अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. तुम्हाला स्वतःबद्दल नेहमी शंका असते. आम्ही मुलं म्हणायचो, सरांना हजेरी दिली तरी ते विचारतात, नक्की आलायस ना. ते तुकडे खरोखरच तुटके असतील तर?"

खरं होतं ते. मी ते तुकडे कधी पुन्हा पाहिलेच नव्हते. कदाचित १९७४ मधला मी बरोबर असेन. कदाचित मुलीनंच दुसरी जात धरली असेल. मला परत जाता आलं असतं, भीमरावांना प्रामाणिकपणे सांगता आलं असतं की पुरावा गेला.

"म्हणूनच नळी पाहिजे," मी म्हणालो. "तुटके असतील तर मी घरी जाईन. तू मोज. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि माझ्यावर माझाही विश्वास नाही."

मग तिनं खिडकीतून खाली हाक मारली, "सीताराम, टेम्पोवाल्याला थांबव!"

टेम्पोवाला थांबायला तयार नव्हता. "साहेब, काचेचं भंगार हाय, त्यात काय शोधताय, हात कापंल," असं म्हणत त्यानं इंजिन चालूच ठेवलं. सीतारामनं दोन गोण्या जमिनीवर उपड्या केल्या. मी गुडघ्यांवर बसलो. जिन्यावरची पोरं थबकली. कुणीतरी म्हणालं, "आजोबांचं काय हरवलंय रे?" चिठ्ठ्या फॉर्मालिननं भिजून शाई उतरली होती. एकेक नळी उजेडाकडे धरून बघावी लागत होती. पहिल्या गोणीत नव्हती. दुसऱ्या गोणीत निम्म्या नळ्या फुटून त्यांच्यातलं सगळं एकमेकांत मिसळलं होतं. मी ते बोटांनी चाचपत होतो आणि सीताराम मला "सर, हात काढा, सर" म्हणत होता.

नळी त्यालाच सापडली, एका फुटक्या बरणीच्या आत अडकलेली. बूच मेण लावून बंद केलेलं. चिठ्ठीवर माझंच अक्षर, तरुण आणि आत्मविश्वासाचं.

वर प्रयोगशाळेत अपूर्वानं नळीतले तुकडे काळ्या बशीत ओतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कसं ओळखायचं ते मी तिला सांगितलं. सांध्याशी सुटलेलं टोक गोल आणि गुळगुळीत असतं. मोडलेलं टोक दातेरी असतं. दोन्ही टोकं गुळगुळीत असतील तर पेर पूर्ण आहे, आणि त्यातल्या पेट्यांची संख्या खरी.

मी वही घेऊन शेजारच्या स्टुलावर बसलो. तिनं सुईनं पहिला तुकडा वेगळा केला.

"एक टोक दातेरी," ती म्हणाली. "हा मोडलेलाच आहे, सर."

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

"दुसरा. दातेरी." सुई हलली. "तिसरा..." ती थांबली. भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. "दोन्ही टोकं गुळगुळीत. पाच."

मी पाच लिहिले.

"चौथा, गुळगुळीत, गुळगुळीत. नऊ. मध्ये सांध्याची खूण नाही. सलग आहे." आता तिचा आवाज हळू झाला होता. "पाचवा. पाच. सहावा, आठ. सातवा दातेरी. आठवा... एक मिनिट." ती ओठ हलवत मोजत होती. मग पुन्हा पहिल्यापासून. "अकरा."

तिनं सगळे मोजले. मधेच ते दोघे तरुण दार उघडून डोकावले, तिनं हातानंच नंतर या म्हटलं. एकूण त्रेसष्ट तुकडे. बावीस मोडलेले. एक्केचाळीस अखंड, आणि त्यात एकही साताचा नव्हता. सातवाले मी आधीच उचलून घेतले होते. एकोणीस तुकड्यांवर मी नियम उभा केला होता आणि एक्केचाळीस तुकडे नळीत बंद केले होते.

अपूर्वानं चष्मा काढून डोळे चोळले. "मी हे सात वर्षं शिकवतेय," ती म्हणाली.

मी वही तिच्यापुढे सरकवली. "मोजणारी म्हणून सही करशील?"

तिनं वही माझ्याकडे परत सरकवली. "नाही, सर. मूल्यांकन होईपर्यंत नाही. रागावू नका."

"नळी?"

"संग्रहालयाच्या यादीत ही नळी नाहीच. तुम्ही ती कधी नोंदवलीच नाहीत. जी वस्तू यादीत नाही ती मी अडवणार कशी?" ती उठली. जाता जाता म्हणाली, "तुकड्यांचे फोटो काढून ठेवते. तुम्ही पाठवलेले वाटेत फुटले, तर कुणाकडे तरी असलेले बरे."

दुपारचे अडीच झाले होते. सीतारामनं संगणकाच्या खोक्यातला थर्मोकोल आणला, त्यात नळीच्या मापाची खाच पाडली. तो ते करत असताना मी त्याच टेबलावर पत्र लिहायला बसलो. पहिला कागद क्षमायाचनेनं सुरू झाला, तो फाडला. दुसरा उजेड आणि सूक्ष्मदर्शकाकडे वळायला लागला, तोही फाडला. तिसऱ्यात मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

'कु. आम्रपाली रणपिसे यांस. आपल्या दिनांक ९ फेब्रुवारी १९९८ च्या पत्राचे उत्तर. चित्र क्रमांक तीनमधील वसाहत कोणत्याही बाटलीत नाही. तशी अखंड वसाहत चित्र काढताना माझ्यापुढे नव्हती. ब्लीचिंगच्या पाण्यात ती सांध्यांशी सुटली, आणि ज्या पेरांत सात पेट्या होत्या तेवढीच घेऊन मी ती कागदावर जोडली. वगळलेली पेरे सोबत पाठवीत आहे. आज ती पुन्हा मोजली. एक्केचाळीस अखंड आहेत, पाच ते अकरा पेट्यांची. तक्ता जोडला आहे. आपले आकडे बरोबर आहेत. माझा नियम चुकीचा आहे. हे पत्र समितीपुढे वाचावे. निबंध मागे घेत असल्याचे मी संपादकांनाही कळवीत आहे. उत्तरास उशीर झाला, त्याचे कारण भीती, दुसरे काही नाही. श्या. ग. परचुरे.'

सही जरा वेडीवाकडी आली. समितीला ही सही संशयास्पद वाटेल की काय, या विचारानं मी खाली पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

मुख्य पोस्टात स्पीड पोस्टची खिडकी सहाला बंद होते. रिक्षा पुलाच्या कामात अडकली. रस्ता खणलेला, बाजूला केबलची मोठमोठी रिळं, आणि पुढे ट्रकचा खोळंबा. पंचवीस मिनिटं आम्ही हललो नाही. रिक्षावाला म्हणाला, "काका, घाई असेल तर चालत जावा." मी खोका छातीशी धरून उतरलो. माझ्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं निघालो, दोनदा थांबून खांबाला टेकलो, आणि खिडकीशी पोचलो तेव्हा माझ्यापुढे सहा माणसं होती.

खिडकीतल्या बाईंनी खोका तराजूवर ठेवला. "आत काय आहे?"

"पत्र आणि एक काचेची नळी."

"काच फुटली तर पोस्ट जबाबदार नाही."

"चालेल."

"पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धाच लिहिलाय."

मी पत्ता पूर्ण केला. मागच्या माणसानं सुस्कारा सोडला.

"हे शनिवारी पोचेल ना?" मी विचारलं. "सोमवारी अकराच्या आत तरी?"

"रत्नागिरी ना? पोचायला हवं. घाटात काय होईल ते मी कसं सांगू, आजोबा?"

तिनं शिक्का शाईत दाबला आणि खोक्यावरच्या कागदावर मारला. तारीख स्वच्छ उमटली होती. मग पावती माझ्या बाजूला सरकवून तिनं खोका मागच्या पिशवीत टाकला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.